तीन खुणा

अख्खा रावेर तालुका
एकशे चाळीस जीबीत मावतो,
सातपुड्याच्या उतारापासून तापीपर्यंत.
तो ठेवायचा कशात, एवढं ठरवायला
जळगावच्या ऑफिसात माझा हा तिसरा दिवस.

जुना फॉरमॅट सगळीकडे उघडतो.
पण रकान्याचं नाव मराठीत दिलं
की काना-मात्रा धरून तीनच खुणा ठेवतो:
केळीबागेची केळ उरली,
नदीपात्राची नदी.
विहिरीचं तर नुसतं विह,
जशी वाकून मारलेली हाक
पाण्याला लागायच्या आत तुटावी.

नवा नाव पूर्ण ठेवतो.
घड न उतरवता हवी ती फणी काढून देतो;
निंभोऱ्याचा एक बांध बघायला
तालुका ओढावा लागत नाही.
फक्त तहसीलच्या मशीनवर उघडत नाही.

फेगडेकाका, बत्तीस वर्षं मोजणीची साखळी ओढलेले,
चष्मा कपाळावर चढवून पडदा वाचतात.
"नदी राह्यली ना? मंग झालं.
पात्र तं ते दर पुरात
तिच्या मनानं बदलते."

मी नवा निवडतो.
तहसीलसाठी एक प्रत जुन्यातही काढतो,
आणि तिच्यात, त्या विहखाली,
काका सांगतात तसं भरत जातो:
एकोणीस परस.
बावीस.
कोरडी.