कोऱ्या कपाळाच्या जास्वंदी

उभादांड्याला, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी
आमची रोपवाटिका, साडेअकरा गुंठे.
पहिल्या वर्षी लेबलं मी मार्करने लिहिली,
डिप्लोमाच्या वळणदार अक्षरात.
एप्रिल संपेतो उन्हाने सगळी चाटूनपुसून घेतली.
दोनशे चाळीस जास्वंदी कोऱ्या कपाळाच्या,
आणि कळी एकीलाही नाही.

गुणाजी कुबल हसला नाही.
विझलेली विडी कानावर ठेवून म्हणाला,
"फुलाचा काय गो, ता एका दिसाचा.
पान बघ. पान खोटा बोलणा नाय."

तो पुढे, मी मागे, वही घेऊन.
हे पान लवदार, वासराच्या कानासारखं:
मिरची जास्वंद, जन्मभर मिटलेली.
हे बारीक, फांदी खाली वाकलेली:
कातरी, झुंबरासारखी लोंबणारी.
पानावर चुना सांडल्यागत पांढरे डाग,
ती डागाळीच, फूल बघायची गरज नाही.
गेंददार लाल आणि एकेरी लाल
यांच्यापाशी मात्र तोही थांबला.
दोन्ही पानं चुरगळली, वास घेतला, मान हलवली.
"ह्यो दोघी सख्ख्यो भयणी. फुलांदे."

अबोलीपाशी मी जरा पुढे झाले.
सुकलेल्या बोंडाला थुंकी लावली,
तट्कन फुटलं: गावठी.
शेजारचीला बोंडच नाही. ती दिल्ली.
ती बी धरत नाही.
कुणीतरी फांदी तोडून दुसऱ्याला दिली
तरच ती पुढच्या वर्षात जाते.

"शिसपेन्सिलीन लिही," गुणाजी म्हणाला. "ती रवता."

तेवढ्यात शिरोड्याहून प्रफुल्ला साळगावकर आल्या.
दुधाच्या पिशवीत ओला कागद,
कागदात फांदी, फांदीला एक फूल:
पिकल्या पपईचा रंग, घशाशी कोकमाचा डाग,
कडा पांढुरकी, जणू नुकतीच धुतलेली.
घर विकलं, म्हणाल्या. नवा मालक फरशी घालणार.
हिचं नाव काय, तेवढं सांगा.

वही चाळली. नव्हतं.
गुणाजीने फुलाकडे पाहिलंच नाही,
पान उलटं केलं, शिरेवरून अंगठा फिरवला.
"ही मेस्त्रिणीची."

बाई एकदम ताठ झाल्या.
मेस्त्रिणीशी आमचं बोलणं नव्हतं.
गडग्यावरून कोर्ट झालं. अकरा वर्षं.
आई म्हणायची, ही आपोआप उगवली.

आपोआप?
इतकी वर्षं कलमं बांधतेय,
अशा जास्वंदीला बोंड धरलेलं मी पाहिलेलं नाही.
पण मी गप्प बसले.

गुणाजीने विडी कानावरून काढली, परत ठेवली.
"मेस्त्रिणीन माझ्याच हातीन धाडलली.
मी तेव्हा पोर. नाव सांगा नको म्हणालली."

वारा आला. शेडनेट फडफडली.
बाई फुलाकडे बघत राहिल्या,
एका दिसाच्या त्या फुलाकडे,
ते दुपारनंतर मिटायलाही लागलं होतं.

मी फांदीचे तीन तुकडे केले,
डोळ्याखाली तिरके,
पिशव्यांत रोवले. दोन त्यांना, एक आम्हाला.
लेबलावर काय लिहू, विचारलं.
त्यांनी पेन्सिल घेतली
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

दुसरी पिशवी कुणासाठी, तेही बोलल्या नाहीत.
जाताना एवढंच विचारलं,
मेस्त्रिणीची सून अजून
बाजारातच राहते ना?