उंबरा मोजलास का?

मी शहरातून आलो तेव्हा माझ्या वहीत
दुलमसुरेनची कंबर होती, मांडीची लांबी होती,
खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये.
ती म्हणाली, "उंबरा मोजलास का?"

नव्हता मोजला.
अर्वायखेरपासून दोन तासांवर, उघड्या माळावर एक गोल तंबू,
त्याला नारिंगी दार, आणि वीतभर उंच उंबरा.
त्यावर पाय देणं म्हणजे यजमानाच्या मानेवर पाय देणं.
आणि माझी खुर्ची तर दिवसातून चाळीस वेळा
चारही चाकं देणार होती.
आजवर दोघं जण तिला उचलून आत नेत.
"पिठाच्या पोत्यासारखी," ती म्हणाली, आणि हसली.
मी कुठे बघावं ते न कळून
शेळ्यांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या खेपेला फळी आणली,
उंबऱ्याला न शिवता वरून जाणारी, लहानशा पुलासारखी.
ती आत आली. एकटी.
सासरा बुटक्या स्टुलावर, जावा जमिनीवर,
आणि सगळ्यांच्या माना वर.
"मी काय इथे न्यायनिवाडा करायला बसलेय?"

आसनाची उंची खोडली.
पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.
शेवटी ती इतकी खाली आली
की शेळीची कास हाताच्या टप्प्यात.
मला वाटलं, झालं.
पण ब्रेक उजवीकडे होता
आणि दूध ती उजव्या हाताने काढते;
बादली सांडली तेव्हा कळलं. मला. तिला ठाऊकच होतं.

डिसेंबरात गेलो तर खुर्ची ओळखू येईना.
हातचाकांभोवती नमदा,
उंटाच्या केसांच्या दोऱ्याने घट्ट शिवलेला.
"उणे पस्तीसात लोखंड हात धरतं," ती म्हणाली,
"आणि सोडताना कातडी ठेवून घेतं.
तुमच्या कारखान्यात शेगडी असणार."
होती. दोन होत्या.

अहवालात दोन रकाने असतात: लाभार्थी, रचनाकार.
दुसऱ्यात मी तिचं नाव लिहिलं.
कार्यालयाने चूक दुरुस्त करून कागद परत पाठवला.
तिला वाचून दाखवला, तर म्हणाली,
चहा निवतोय.

मग दाराबाहेर बोट दाखवून:
"आता त्याचं बघ."
बाहेर एक बुटका, तांबूस घोडा
शेपटीवरचं बर्फ झटकत उभा.
मी वही उघडली, पेन गोठलेलं.
टेप तिने माझ्या हातून ओढून घेतली,
फळीवरून खाली उतरली,
आणि खोगिराची रुंदी मोजायला लागली.