अवयव

लीड्सचं हॉस्पिटल, सातवा मजला.
इराच्या मनगटावर पट्टी: १३७१७४२१.

अंकांची बेरीज सव्वीस, म्हणजे तीनने भाग नाही.
सातने भागलं, चार उरले. तेराने, तीन.
मिरजेत तीस वर्षं फळ्यापुढे गेली,
हात गप्प बसत नाहीत.
नर्स फियोना जेवणाची जुनी कार्डं आणून देते,
पाठकोरी. विचारत काही नाही.

तिसऱ्या रात्री, चहा गार झालेला,
तीन हजार सहाशे सातने बाकी शून्य.
भागाकारात तीन हजार आठशे तीन.
दोन्ही मूळ. बास, दोनच.

तेव्हा कुठे शब्द आठवला:
यांनाही आपण अवयवच म्हणतो.

सकाळी त्या दोनातला एक ती कॅलमला देणार.
"एकावर चालतं गं, आई,"
म्हणाली, जसा काही हातचा एक.
मी नको म्हटलं नाही.
हो तरी कुठे म्हटलं?

पहाटे उगाच त्या संख्येला नऊने गुणलं:
१२३४५६७८९.
बालवाडीतली पोरं, एकमेकांचा शर्ट धरून.
चुकले असेन म्हणून पुन्हा गुणलं.
तेच.

स्ट्रेचर आलं. लिफ्टपर्यंत गेले सोबत.
दार मिटलं तरी मी मोजतच होते,
नऊच्या पुढचं काही येईना.