तुली

बाबांचा आवाज ओउलूच्या इस्पितळात राहिला.
बोटं त्याच्या आधीच गेली होती.
टगबोटीवरचे ओले दोर ओढण्यात
चाळीस हिवाळे काढले, ती आत वळली
ती वळलीच.
उरले दोन अंगठे,
धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांसारखे ठणठणीत.

पण अंगठ्यांनी लिहायचं काय?
फोनवरची अक्षरं त्यांच्याखाली मुंग्यांसारखी सापडायची.
एकीला हाक मारावी
तर तीन शेजारणी ओ द्यायच्या.

शेवटी माझ्या इल्मोनं जुना गेम कंट्रोलर आणून दिला,
मुठीशी झिजलेला, एका बटणावर
बालपणीच्या जॅमचा चिकटपणा.
टीव्हीवर अक्षरांचा तक्ता उघडला,
ओळीनं घरं आणि एक निळी चौकट.
या घरातून त्या घरात, एकेक पाऊल.
'कॉफी' लिहायला एकतीस पावलं. मी मोजली.
तोवर कॉफी निवायची
आणि बाबा तापायचे.
तिसऱ्या दिवशी कंट्रोलर सोफ्याखाली सापडला.
पडला की फेकला, मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तराला संध्याकाळ झाली असती.

मी केमीच्या कागद गिरणीत वायरमन.
मला एवढंच कळतं,
वाट लांबची असेल तर तार दुसरीकडून न्यावी.
रात्रपाळीत हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर
एक वर्तुळ काढलं. आठ पाकळ्या,
पाकळीत चार अक्षरं.
काठी ढकलली की पाकळी उघडणार,
मग चार रंगांतलं एक बटण.
आठ चोक बत्तीस.
आमची अक्षरं एकोणतीस. उरल्या तीन जागा दिल्या
शब्दांमधल्या पोकळीला, पूर्णविरामाला,
आणि लिहिलेलं गिळायला.

बाबांना समजावू लागले,
"वर, मग उजवीकडे तिरकं, मग..."
त्यांनी हात वर करून थांबवलं मला.
आठ दिशा मी शिकवणार होते, त्यांना!
उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय,
अंगठा फिरला सुकाणूवर फिरावा तसा,
न बघता.
पहिलं वाक्य आलं:
"नैऋत्येला र नको. तिथे खडक आहेत."
मी मुकाट्यानं र हलवला.

आमच्या भाषेत एक स्वर चुकला की संपलं.
तपान म्हणजे भेटतो,
तपन म्हणजे जीव घेतो.
शेजारच्या केर्त्तूला त्यांनी कळवलं,
उद्या दुपारी तुझा जीव घेतो.
ती केक घेऊन आली.

फेब्रुवारीतली सकाळ, म्हणजे काळोखच.
उणे अठ्ठावीस. पडद्यावर एकच शब्द:
तुली.

तुली म्हणजे आग. मी शेगडीकडे धावले.
राख गार.
मग वाटलं, उ एकदाच दाबला गेला असेल,
म्हणायचं असेल तूली, वारा.
खिडकी किलकिली केली.
धुराड्यांचा धूर सरळ वर चाललेला.
काठी जुनी झालीय, हात न लावताही
एका अंगाला सरकते, तिचाच चाळा असेल,
असं म्हणून मी मोजे शोधू लागले.

बाबांनी मान हलवली.
पुन्हा लिहिलं, सावकाश. त. उ. ल. इ.
आणि पुढे पूर्णविराम,
जो ते सहसा खर्च करत नाहीत.

मग मलाही ऐकू आलं.
लांबून, जाड ताडपत्री कुणी टरटरा फाडावी तसं,
थांबून, पुन्हा.
आणि भोंगा.
बर्फ फोडणारं जहाज आखातातून बंदराकडे येत होतं.

तुलीचा तिसरा अर्थ मी विसरले होते.
आला. किंवा आली. किंवा आलं.
आमची भाषा एवढी चौकशी करत नाही.

मी वळून पाहिलं.
अंगठा काठीवर होता, नैऋत्येला नेटानं रेटलेला.
पडद्यावर ती पाकळी उघडी,
चारही अक्षरं ताटकळत उभी.
बाबा काही लिहीत नव्हते.