पातळी खांद्यापर्यंत

बोरा सुटला की मी दुकानाला आतून कडी घालतो.
त्रिएस्तेचा हा वारा छत्र्या मोडून कचराकुंडीत कोंबतो,
आणि वासांचं तर विचारूच नका :
कॉफी, बंदरातलं डिझेल, कुणाचं तळण,
सगळं एका झपाट्यात समुद्रात.
अशा दिवशी नाक कोरं असतं.
मोल करायला बरा दिवस.

मोल बंद पडलेल्या पुरुषी सुगंधांचं.
मोठमोठ्या शिंप्यांच्या नावाने निघायचे ते.
सूट परवडत नाही त्याने
निदान मानेपुरतं श्रीमंत व्हावं म्हणून.
मग कंपनी विकली गेली,
ओकवरच्या दगडफुलावर बंधनं आली,
कुणा हिशेबनिसाला चंदन महाग वाटलं,
आणि एका सकाळी हजारो पुरुष
स्वतःच्याच वासाला पोरके झाले.

लोक म्हणतात, नेरेओ नाकाने कांदे सोलतो.
सोलतो. त्याचेच पैसे घेतो.

ओन्दिना फुर्लानिच आली ती लोकरी मोज्यात गुंडाळलेली बाटली घेऊन.
ऑर्सेनिगोचं 'तेनेंते'. फवारा नसलेलं,
बूच उघडून तळहातावर ओतायचं.
बुडाचा आकडा बरोबर.
काचेत उजवीकडे बुडबुडा, त्या वर्षीच्या साच्याची खोड.
झाकणाचं चांदीचं पाणी
अंगठ्याच्या जागी उडालेलं.
पातळी खांद्यापर्यंत.

इथे मी थांबलो.
रोजच्या दाढीनंतरची बाटली,
आणि खांद्यापर्यंत?

कागदाची पट्टी बुडवली.
आधी लिंबू. जुन्या बाटलीत लिंबू सगळ्यात आधी मरतं,
हे तर टवटवीत, गेल्या वर्षीचं.
दहा मिनिटांनी न्हाव्याकडचं स्वस्त कोलोन.
अर्ध्या तासाने वाळा, लवंग, जरा जास्तच लवंग.
आणि खूप खाली, बंद खोलीत कुणी खोकावं तसं,
दगडफूल. खरं.

"सिन्योरा, ह्यात तेनेंते फार तर दहा थेंब असेल."
"सात," ती म्हणाली.

दुइलिओ बंदरात क्रेन चालवायचा.
दोन कोट, एक घड्याळ आणि हा एवढाच नखरा.
चौऱ्याण्णव साली दुकानदार म्हणाला, आता येणार नाही.
हिने घरी सांगितलंच नाही.
रविवारी तो बोच्चे खेळायला गेला
की ही स्वयंपाकघरात नरसाळं घेऊन बसायची.
तळाशी जुनं थोडं ठेवायची दर वेळी,
विरजणासारखं.

"त्यांना कळलं नाही कधी?"
"दर नाताळाला म्हणायचा,
हल्ली पूर्वीसारखं बनवत नाहीत.
माझ्या पोटात गोळा.
पण म्हातारे सगळ्याच गोष्टींबद्दल तसं म्हणतात, नाही?"

मग हातमोजे काढून ती नीट बसली.
"विकायची नाहीये. तो गेला चैत... म्हणजे ईस्टरच्या आधी.
किती जवळ पोचले होते, तेवढं सांगा."

मी कुलपातलं अस्सल काढलं, दोन थेंब दुसऱ्या पट्टीवर.
तिने हुंगलं. नाक आक्रसलं. पुन्हा हुंगलं.
"बाई गं, किती तिखट!
ह्या वासाशी मी लग्न केलं?"
आणि हसायला लागली,
मोजा तोंडावर धरून, बराच वेळ,
हसूच होतं ते असं मी धरून चाललो.

पावतीवर मी लिहिलं :
काच अस्सल. झाकण अस्सल. द्रव बनावट.
बाजारभाव : रिकाम्या बाटलीचा, चाळीस युरो.
हे लिहिणं माझं काम आहे.
जवळिकीसाठी पावतीत रकाना नाही,
म्हणून तोंडी सांगितलं : लवंग कमी हवी होती.
"लवंग त्याला आवडायची," ती म्हणाली.

कोपऱ्यावर पालिकेने दोर बांधलाय वाऱ्यासाठी.
एक हात दोराला, एक कोटाच्या आत,
तशी ती उतारावरून गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या टेबलावरच होत्या.
अस्सलवर दगडफूल, अपेक्षेप्रमाणे.
तिच्यावर वाळा विरला होता, लवंगही,
आणि त्यांच्याखाली आणखी काहीतरी होतं,
किंचित खारट, उबदार.
ते मला ओळखता आलं नाही.
वहीत प्रश्नचिन्ह आहे.
चौतीस वर्षांतलं तिसरं.