हातकाम

फॉर्मवर चौकट होती: इजा कधी झाली,
तारीख, वेळ, सकाळ की दुपार.
हेमिकोमावशी हसली. म्हणाली, लिही,
अकरा वर्षं, सकाळ आणि दुपार.

चौकटीत मावेना.
मी टेबलाशी पेन चावत बसले,
बाहेर अर्कान्सॉतला चिकट, राखाडी मार्च
आणि तिचा उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

पट्ट्यावरून कोंबड्या येतात, उलट्या, सोललेल्या.
सांध्यात सुरी, एक वळसा, पंख मोकळा.
पुढची.
मिनिटाला किती, ते ती पूर्वी बोटांवर मोजायची.
रात्री तीनला उठून हात नळाखाली धरते,
मुंग्या उतरेपर्यंत, दिवा न लावता.
हातावर पोट असलं की हाताचं दुखणं
पोटातच ठेवायचं असतं.

विम्याचा माणूस सभ्य होता.
पायपुसण्याला दोनदा बूट पुसून आत आला.
दुभाषी मी. सतरा वर्षांची, दोन्ही भाषांत चोख.
घरी काही हातकाम करता का, त्यानं विचारलं.
मी विचारलं.
आमच्या बेटांवर हा प्रश्न
पाहुणा मान द्यायला विचारतो.
मावशीचा चेहरा उजळला.
हो, विणते ना. पंखे, चटया.
केवड्याच्या पाती बहीण धाडते माजुरोहून.
उठून भिंतीवरचा पंखा काढला, डाव्या हातानं,
ठेव तुला, म्हणाली.
मी तेही सांगितलं.
त्यानं आभार मानले आणि लिहून घेतलं.

पत्र सहा आठवड्यांनी आलं.
इजा कामामुळेच झाल्याचं सिद्ध होत नाही.
अर्जदार घरी विणकाम करते,
तिच्याच तोंडची कबुली.

तोंड माझं होतं.

मी वाचून दाखवलं, कबुली हा शब्द गाळून.
तिनं विचारलं, पंखा आवडला का त्याला?

मग मी पलंगाखालची पेटी ओढली.
पाती तशाच, गुंडाळीवर गुंडाळी,
वरच्या पुडक्यावर टपालाचा शिक्का
दोन वर्षांपूर्वीचा, दोरासुद्धा न सोडलेला.
ती विणते म्हणाली होती,
नाखवा म्हातारपणीही मी होडी हाकतो म्हणतो तसं.
विणायची, असं सांगायला हवं होतं मी.
एवढाच फरक. एक काळ.

अपिलाच्या कागदावर पुन्हा तीच चौकट.
ती नळाशी उभी आहे.
मी पेटीचा फोटो काढते, शिक्का नीट दिसेल असा,
आणि पाणी थांबायची वाट बघते.