पेवात कंदील

सन्मतीनं काल तीन नियमावल्या छापून आणल्या,
जुन्या हिशेबपट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
म्हणाला, आत्या, आता गिऱ्हाईक येणार नाही,
त्याचा एजंट येईल. माणूस नव्हे, यंत्रातला मुनीम.
त्याच्याशी कुठल्या बोलीत बोलायचं ते आपण ठरवायचं,
सोमवारच्या आत.

सांगलीच्या यार्डात एकोणतीस वर्षं मी हळदीच्या पट्ट्या लिहिते.
माझ्या बापाचा उजवा हात रुमालाखाली म्हातारा झाला.
केवली, अवारू, उधानू, पोकू:
शाळेच्या आधी शिकले हे आकडे,
आणि हेही, की ते बाहेर बोलायचे नसतात.
रुमालाखाली दोन हात, भाव ठरलेला;
ज्याची हळद तो बाजूला उभा,
दोघांच्या तोंडाकडे बघत.
त्यामुळं 'खुलं' म्हटलं की मला आधी बरंच वाटतं.

पहिली नियमावली बडबडी.
माल दाखवते, साठा सांगते, टोपली भरते,
पैशाची वेळ आली की दुसरीकडं बोट.
दुसरी पैशापासूनच सुरू होते:
मालकानं किती रुपयांची मुभा दिली, कशासाठी,
कुठल्या तारखेपर्यंत, सही कुठंय.
बाहुबली शेट मुनिमाला निपाणीला धाडताना
अशीच चिठ्ठी द्यायचे: अडीच हजारांच्या वर नाही.
खाली बारीक अक्षरात: चहा वेगळा.

तिसरीला सगळं येतं, एका दमात.
सन्मतीला तीच आवडलीय.
कुणीही वाचावी, कुणीही वापरावी, फुकट.
वाचली.
एकोणिसाव्या पानावर आहे, नियम बदलायचे झाले
तर टेबलाशी कोण बसणार.
चार नावं. चारही त्यांचीच.

दस्तगीर पोतं टेकवून ऐकत होता.
ताई, परत आलेला माल कुठल्या वहीत?
हमालाचा प्रश्न. तिन्ही पुन्हा चाळल्या.
एकीत 'पुढील आवृत्तीत'.
एकीत पुरावा जपून ठेवा, एवढंच.
एकीत 'विक्रेत्याच्या धोरणानुसार',
म्हणजे भाडं आमच्या बोडक्यावर.

मग राजापुरीचे रकाने भरायला बसले.
कुरकुमिन, ओलावा, हळकुंडाची लांबी.
वासाला रकाना नाही. तिन्हींत नाही.
'इतर' मध्ये मी लिहिलं: मूठभर चोळून बघा.
चाचणीतल्या एजंटानं लगेच विचारलं,
मूठभर म्हणजे किती ग्रॅम?
सन्मती हसून हसून लाल.
मला नाही आलं हसू. प्रश्न चुकीचा नव्हता.
बापाची मूठ आणि माझी मूठ एक कुठं होती?

हरिपूरला पेवं होती तेव्हा
हळद काढायला माणूस सरळ उतरायचा नाही.
तोंडावरची माती काढायची, वाट बघायची,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
ज्योत राहिली तर माणूस.
विझली तर गप बसून विडी ओढायची, लांब.
वरचं तोंड उघडं आहे म्हणून
आत हवा आहे असं नसतं.

तर सोमवारी मी काहीच ठरवलं नाही.
तिन्ही दारांना पाव पाव किलोची एकेक पुडी लावली.
सन्मती म्हणाला, हा काय धंदा झाला?
धंदा नाही. कंदील.

रात्री अडीचला फोन चमकला.
दुसऱ्या दारानं कुणीतरी आलं होतं.
भाव विचारला, गेलं. परत आलं. भाव विचारला.
घासाघीस नाही, खोकला नाही, हातात कापराची थरथर नाही
जिच्यावरून बाप सांगायचा, याला माल पाहिजेच आहे.
नुसता एक आकडा, आणि वाट बघणं.

अंधारात बघितलं तर माझा उजवा हात
पदराखाली गेलेला,
दोन बोटं पुढं.
अवारू.
तशीच धरून बसले थोडा वेळ.